उधार कोणाचं?

मुलांनो, परवा आमच्या चौथीच्या वर्गात एका शब्दावरून चक्क भांडण झालं!

अंबरनाथला आनंदनगरची औद्योगिक वसाहत आहे ना, तिच्याजवळच आमची शाळा. भित्तिपत्रकाच्या वर्गणीचा हिशेब मुलं शाळेच्या कॉम्प्युटरवर ठेवतात. एका मुलीच्या नावापुढे रकान्यात होतं, 'उधार २०'. झालं! सगळे तिच्या मागे लागले, "वीस रुपये दे!" ती रडकुंडीला आली. "बाई, कार्डशीटला पैसे कमी पडले तेव्हा मीच दिले होते. मलाच परत हवेत!"

खरं तिचंच होतं. पण उधार दिलं तरी उधार आणि घेतलं तरी उधारच. मी रकान्याला 'येणे' आणि 'देणे' अशी नावं दिली. तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "कोणाचं येणं, बाई? तिचं की वर्गाचं?" बरोबर होतं की! शेवटी लिहिलं, 'वर्गाने द्यायचे' आणि 'वर्गाला मिळायचे'. लांबलचक आहे, पण भांडण मिटलं.

बँकेच्या पासबुकातही असाच एक शब्द आहे, 'नावे'. माझ्या नावे म्हणजे मला मिळाले, असं वाटतं ना? उलट आहे बरं का! 'नावे' म्हणजे खात्यातून गेले, 'जमा' म्हणजे आले.

मोबाइलवर तर गंमत राहत नाही. यूपीआयमध्ये 'कलेक्ट रिक्वेस्ट' असायची. म्हणजे समोरचा आपल्याकडे पैसे मागतोय. पण 'कलेक्ट' वाचून कित्येकांना वाटायचं, पैसे आपल्यालाच मिळणार. पिन टाकला की खात्यातले पैसे गेले! भामट्यांचं फावलं. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतली ही सोय बंद करण्यात आली. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरी सगळ्यांना सांगून ठेवा.

सोपा शब्द म्हणजे शुद्ध मराठीच हवा, असं मात्र मला वाटत नाही. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तरी अरबीतून आलेले जमा, वसूल, बाकी आपल्याकडे राहिलेच. आजीलाही कळतात, मग राहू देत की!

आता घरातलं पासबुक मागून घ्या. 'नावे'चा रकाना झाका आणि त्याला नवं नाव शोधा. आजीने न विचारता ओळखलं, तर मला पत्राने कळवा.