आई गावाला आहे

लग्नपत्रिकेवर आजही घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईचं नाव सगळ्यात वर छापलेलं असतं. मांडवात मात्र त्या बाई दिसत नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं: आई गावाला आहे, तिला दगदग सोसत नाही. 'गाव' म्हणजे शहराबाहेरच्या एका भाड्याच्या बंगल्यातली आठ लोखंडी खाटांची खोली, हे सांगायची मुलाची छाती होत नाही. वृद्धाश्रमांत म्हाताऱ्या माणसांचा जो छळ होतो, त्याची सुरुवात त्या खोलीत होत नाही. या मांडवात होते.

छळ म्हणजे काय ते आधी नीट पाहू. थोबाडीत मारणं हा त्यातला लहान भाग. रात्री अंथरूण ओलं होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी द्यायचं नाही. डायपर जड होऊन लोंबेपर्यंत बदलायचं नाही. सारखी उठते म्हणून ओढणीने मनगट खाटेच्या दांडीला बांधायचं. फार बडबडते म्हणून झोपेची गोळी द्यायची, डॉक्टरांना न विचारता. कोणी कूस बदलून देत नाही, मग माकडहाडापाशी जखम होते, ती हाडापर्यंत जाते. वरून चादर ओढली की झालं. जन्मभर अंबाडा घातलेल्या बाईचे केस, विंचरायला वेळ नाही म्हणून, मशीनने उतरवायचे. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र 'हरवू नये म्हणून' कपाटात. आणि हाक काय, तर 'ए म्हातारे'. जागतिक आरोग्य संघटना देशोदेशींच्या अभ्यासांवरून सांगते, की अशा संस्थांमधल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात वृद्धांशी गैरवर्तन केल्याचं स्वतःच कबूल केलं आहे. तेव्हा हे चार दुष्टांचं काम म्हणून झटकता येणार नाही.

एखादी चित्रफीत बाहेर आली की आपण त्या आयाबाईला शिव्या घालून मोकळे होतो. तिने हात उगारला असेल तर तिला शिक्षा झालीच पाहिजे. पण घाण काढण्याचं काम आपण पिढ्यानपिढ्या ज्या जातींवर ढकललं, बहुतेक वेळा त्यांच्याच लेकीसुना आज आपल्या आयांची अंगं पुसतात. ना प्रशिक्षण, ना हक्काची सुट्टी. बारा तासांची ड्युटी आणि रात्री अख्ख्या मजल्याला एकटी. जन्मदात्रीचं अंग धुण्याची ज्याला किळस वाटते, त्याने त्याच कामाला सर्वांत स्वस्त बाई शोधायची आणि वर तिच्याकडून मायेची अपेक्षा धरायची, हा शुद्ध निर्लज्जपणा आहे.

आता आपले संस्कृतिरक्षक. वृद्धाश्रम ही पाश्चात्त्यांची कीड, हे त्यांचं आवडतं व्याख्यान. त्यात सुनेला दोन टोले ठरलेले. (मुलाला सहसा कोणी काही बोलत नाही. तो बिचारा कामात असतो.) पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-पंगूंसाठी गृह उभं राहिलं ते एकोणिसाव्या शतकात, हे त्यांच्या गावीही नसतं. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, स्मृती गेलेल्या माणसाला दोन खोल्यांच्या घरात सांभाळणं पुष्कळांना खरोखर झेपत नाही. त्यांनी चांगल्या संस्थेची मदत घेतली तर त्यात पाप कसलं? पण आपण ते पाप ठरवलं. म्हणून लोक ते लपवतात. लपवलं की पत्ता भावंडांपलीकडे कोणाला कळत नाही, मामेभाऊ येत नाही, जुनी शेजारीण येत नाही. आणि जिथे कोणी येत नाही तिथे काहीही करता येतं, हे चालक महिनाभरात ओळखतो. पैसे मुलगा भरतो, त्यामुळे खूश ठेवायचं ते मुलाला: गणपतीच्या आरतीचा फोटो, वाढदिवसाच्या केकचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर वेळेवर. फोटो चादरीच्या वरचा असतो.

कायदाही आपल्याच तोंडवळ्याचा. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्यात, सांभाळायची जबाबदारी असलेल्याने म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एसटी स्टँडवर सोडून पळालात तर गुन्हा. दरमहा पैसे भरून पाच वर्षं फिरकला नाहीत तर कोण विचारतो? वडापावची गाडी लावायला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. पण खाजगी वृद्धाश्रमाने नोंदणी केलीच पाहिजे, किमान दर्जा राखलाच पाहिजे, अशी सक्ती या केंद्रीय कायद्यात नाही. ती आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. देवळाच्या मानपानावरून रस्ते अडवणाऱ्या आपल्या समाजाने यासाठी एखादा चौक अडवल्याचं मला आठवत नाही.

आत असलेली बाई तक्रार का करत नाही, असं लोक विचारतात. कोणाकडे करणार? मुलाकडे केली तर 'आई, जरा जमवून घे, दुसरीकडे जागा नाही'. शिवाय मुलगा निघून गेल्यावर रात्र तिला त्याच खाटेवर काढायची असते. आणि मुलाचं नाव खराब होऊ नये, ही काळजी तिला अजूनही असतेच.

तुमच्या नात्यातलं कोणी असं 'गावाला' असेल तर पत्ता मागा. रविवारच्या ठरावीक वेळेत जाऊ नका, आधी कळवूही नका; मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर जा. चादर बाजूला करून टाचा आणि कंबर बघा, मनगटं बघा, उशाशी पाण्याचा तांब्या आहे का बघा. आत सोडत नसतील तर त्याचा अर्थ उघड आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे. अशा खोल्यांतून तिथे फोन जाण्याची वाट बघत बसू नका. मोबाइल बहुधा आत येतानाच काढून घेतलेला असतो.