चित्रकथांचा संग्रह वाचावा तो कशासाठी?



मुलाच्या दप्तरातून चित्रकथेचे पुस्तक बाहेर पडले की घरातील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. अभ्यास सोडून हे काय चालले आहे, असा प्रश्न होतो, पुस्तक कपाटावर जाते आणि मूल हिरमुसले होऊन वही पुढे ओढते. यात वडिलांचा सर्वस्वी दोष आहे असे मी म्हणणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांची चित्रकथेशी ओळख झाली ती वेताळाच्या साहसांतून, नाहीतर अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’तून. घटकाभर करमणूक आणि जमल्यास थोडा बोध, याहून अधिक काही त्या प्रकाराकडून मागावे असे आपल्या मनातही आले नाही.

परंतु चित्रकथांचे आणखी एका जातीचे पुस्तक असते. अनेक चित्रकारांच्या कथा एकत्र करून, एखाद्या लहानशा प्रकाशकाने पदरमोड करून काढलेला तो संग्रह असतो. प्रती थोड्या, जाहिरात जवळजवळ नाहीच, आणि लेखकांची नावे बहुधा आपण न ऐकलेली. असे पुस्तक हाती आले तर ते वाचण्याजोगे आहे की नाही, हे ओळखावे कसे? आज याविषयीच चार शब्द लिहितो.

या प्रश्नाचे उत्तर मला एका पतिपत्नीच्या उद्योगात सापडले. फ्रान्स्वाज मूली ही वास्तुशास्त्र शिकणारी फ्रेंच तरुणी १९७४ साली पॅरिसहून न्यूयॉर्कला आली. तेथे आर्ट स्पीगलमन या चित्रकाराशी तिचा विवाह झाला. स्पीगलमन आणि त्याच्यासारखे चित्रकार ज्या कथा काढीत होते, त्या छापावयास कोणी धजत नव्हते. तेव्हा या बाईंनी स्वतः मुद्रण शिकून घेतले, एक छापयंत्र विकत घेतले आणि ग्रीन स्ट्रीटवरील आपल्या राहत्या जागेतच छापखाना थाटला. आपल्या वस्तीचा नकाशा छापून त्यावर त्या चार पैसे मिळवीत. याच बिऱ्हाडातून जुलै १९८० मध्ये ‘रॉ’ या संग्रहाचा पहिला अंक बाहेर पडला. ‘रॉ’ म्हणजे कच्चे, न शिजवलेले.

अंकाचा आकार चांगला ऐसपैस होता. रुंदी साडेदहा इंच, उंची चौदा इंच. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर एक रंगीत चित्र वेगळे छापून हाताने चिकटविले होते. पुढे १९८५ साली निघालेल्या सातव्या अंकात तर प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठाचा कोपरा हाताने फाडण्यात आला. त्यामुळे एक प्रत तंतोतंत दुसरीसारखी निघाली नाही. हा नुसता विक्षिप्तपणा आहे असे कोणी म्हणेल, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु यंत्रातून एकसारखी निघणारी वस्तू आणि कोणाच्या तरी बोटांखालून गेलेली वस्तू यांतील भेद आपणां खेडवळ माणसांस समजावून सांगावा लागत नाही. बाजारचा पाव आणि घरची भाकरी यांत तो आपण रोज पाहतो.

तथापि ‘रॉ’चे खरे मोल या कारागिरीत नाही. ते समजावयास डिसेंबर १९८० चा दुसरा अंक उघडला पाहिजे. त्या भल्या मोठ्या पानांच्या मध्ये एक छोटीशी पुस्तिका शिवलेली होती. तीत ‘माउस’ या कथेचे पहिले प्रकरण होते. स्पीगलमनचे वडील व्लाडेक हे पोलंडमधील ज्यू. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळातून आणि ऑशविट्झच्या छावणीतून ते व त्यांची पत्नी आन्या जिवंत सुटली. त्यांच्या बाकीच्या नातलगांपैकी मात्र फारच थोडी माणसे उरली. म्हातारपणी न्यूयॉर्कमध्ये मुलाने वडिलांना बसवून त्यांची हकीकत विचारली आणि ती चित्रांत उतरविली. ज्यूंना त्याने उंदरांची तोंडे दिली, जर्मनांना मांजरांची.

या कथेत वडिलांचा गौरव नाही. म्हातारा चिक्कू आहे, हट्टी आहे, दुसऱ्या पत्नीशी सदा भांडतो. मुलगाही काही श्रावणबाळ नव्हे. त्याची आई आन्या हिने १९६८ साली आत्महत्या केली होती. तिने युद्धातील आठवणी वह्यांत लिहून ठेवल्या होत्या, हे मुलाला ठाऊक होते. त्या वह्या तो वडिलांपाशी पुन्हा पुन्हा मागतो. कथेच्या पहिल्या भागाच्या अखेरीस वडील कबूल करतात की, पत्नीच्या मृत्यूनंतर दुःखाच्या भरात आपण त्या जाळून टाकल्या. मुलाचा संताप अनावर होतो. वाचणाऱ्यालाही क्षणभर पुस्तक मिटावेसे वाटते. एका आईचे बोलणे कायमचे गेले. उरले ते केवळ बापाने सांगितलेले आणि मुलाने लिहून घेतलेले.

ही कथा पुस्तकरूपाने काढावयास अनेक मोठ्या प्रकाशकांनी नकार दिला. उंदीरमांजरांच्या चित्रांत एवढे मोठे दुःख कोण वाचणार, अशी शंका येणे स्वाभाविकच होते. त्या काळात ती जगली ती या घरगुती अंकांच्या आधाराने. शेवटचे प्रकरण वगळता तिचे प्रत्येक प्रकरण आधी ‘रॉ’मध्येच आले. १९८६ साली पहिला भाग पुस्तक म्हणून निघाला, १९९१ साली दुसरा, आणि १९९२ साली तिला पुलित्झर पारितोषिकाचा विशेष सन्मान मिळाला. चित्रकथेला तो मान यापूर्वी मिळाला नव्हता.

यावरून माझी कसोटी अशी बनली आहे: या पुस्तकाने जागा दिली नसती तर जी गोष्ट आपल्यापर्यंत आलीच नसती, अशी एक तरी गोष्ट त्यात आहे काय? असेल, तर संग्रह वाचण्याजोगा आहे. नसेल, तर कागद कितीही गुळगुळीत असो, तो बाजारातील शंभर पुस्तकांत आणखी एक.

आपल्या देशातही या कसोटीस उतरणारे काम झाले आहे. २०१३ साली दिल्लीच्या योडा प्रेस या छोट्या प्रकाशनाने ‘धिस साइड, दॅट साइड’ हा इंग्रजी संग्रह काढला. विषय देशाची फाळणी. विश्वज्योती घोष यांनी त्यासाठी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश येथील लेखक व चित्रकार यांना एकत्र आणले. त्यातील नीना सबनानी यांची कथा १९७१ च्या युद्धात सिंधमधून कच्छमध्ये आलेल्या लोकांची आहे. तेथील स्त्रिया कापडावर भरतकाम करतात. त्याच टाक्यांनी सजलेल्या चित्रांतून त्यांच्या स्थलांतराची हकीकत पुढे सरकते. ज्यांनी ती सोसली, त्यांच्याच हातची कला ती सांगते. यापरते तिला शोभेल असे दुसरे चित्र कोणते?

आता एक सावधगिरीची सूचना. असे संग्रह मुलांसाठीच असतात असे समजू नये. ‘रॉ’मधील कित्येक पाने भडक व कडवट आहेत, काही तर मला मुळीच रुचली नाहीत. वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः वाचावे आणि मग ठरवावे. परंतु एखाद्या कथेशी आपले पटले नाही म्हणून सारे पुस्तक टाकू नये. पंक्तीतील प्रत्येक पदार्थ प्रत्येकास आवडतो असे थोडेच आहे? प्रत्येक चित्रकाराचा हात निराळा ओळखू येत असेल, तर संपादकाने आपले काम इमानाने केले असे समजावे.

शेवटी एक विनंती. आपल्या शाळांतून आणि तरुण मंडळांतून हस्तलिखित वार्षिके निघत असत. त्यांत मुले सुंदर अक्षरांत लिहीत आणि चित्रेही काढीत. ती प्रथा पुन्हा का सुरू करू नये? छापखाना नको, फार पैसाही नको. घरातील आजीआजोबांपाशी बसावे. गाव कसे सोडले, नव्या मुलुखात पहिले घर कसे उभे राहिले, दुष्काळात काय खाल्ले, हे विचारावे आणि नातवाने ते चित्रांत काढावे. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. आन्याच्या वह्या एकदा जळाल्या त्या जळाल्याच. आपल्या घरच्या वह्या तर अजून लिहिल्याही गेलेल्या नाहीत, आणि सांगणारी माणसे मात्र थकत चालली आहेत.