भिंतीवरची बंदूक

कोकणात रानडुकरं आणि वानरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांना बंदुकीचा परवाना मिळतो. आपल्याही काही घरांत अशी बंदूक आजोबांच्या काळापासून पडवीत खुंटीला टांगलेली असते. रोज पाहून मोठ्यांना तिची भीती वाटेनाशी होते. मे महिन्यात मुंबईहून नातवंडं येतात. त्यांनी बंदूक फक्त मोबाइलच्या खेळात पाहिलेली असते. धोका इथेच आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या भावावर शस्त्र रोखण्यास मनाई केली आहे. न जाणो, सैतान हातून ते चालवील, असं त्याचं कारण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलं आहे. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना त्यांची टोकं हातात धरावीत, हीही त्यांचीच शिकवण. म्हणजे मनात वाईट हेतू नसला तरी खबरदारीतून सुटका नाही. थट्टेतही नाही.

म्हणून पहिला नियम असा: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कधीही माणसाकडे करायची नाही आणि नेम धरेपर्यंत चापावर बोट ठेवायचं नाही. काडतुसाची बंदूक शेतातून परतताना, घरात शिरण्याआधीच, उघडून रिकामी करावी. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छरे नळीच्या तोंडातून भरतात, त्यामुळे ती भरलेली आहे की नाही हे वरून कळत नाही. अशी भरलेली बंदूक रात्रीपुरतीही घरात ठेवू नये. नळीत चिखल गेला असेल तर बार काढू नये, नळी फुटू शकते.

खुंटी ही बंदुकीची जागा नव्हे. रिकामी बंदूक कुलपाच्या लोखंडी कपाटात ठेवावी. काडतुसं आणि दारू दुसरीकडे, कोरड्या जागी, वेगळ्या कुलपात. चाव्या फक्त परवानाधारकाकडे. ‘उंचावर ठेवलीय’ एवढ्यावर थांबू नये, मुलं खुर्ची ओढतात.

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याचा नाही. परवानाधारकाचा इंतकाल झाला की बंदूक आठवण म्हणून ठेवता येत नाही. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःचा परवाना काढावा. निकाहाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस तर सोडूनच द्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर, बेपर्वाईने केलेल्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वर गेलेली गोळी खाली येतेच.

भगिनींनो, बंदूक पुरुषांची बाब म्हणून गप्प राहू नका. ती रिकामी आहे का, कुलूप लावलंय का, चावी कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारा. मुलांना सुट्टीत नातेवाइकांकडे पाठवण्याआधी तिथेही विचारा. कुणाला राग आला तरी चालेल. मुलं ही अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.