मरणोन्मुखांचे वैद्यक आणि डॉक्टरांचा शीण

असाध्य व्याधीने जर्जर झालेल्या रुग्णाच्या नातलगांना बाजूला घेऊन ‘आता आमच्या हातात काही नाही, घरी घेऊन जा’ असे सांगण्याचे काम आपल्या मोठ्या रुग्णालयांत बहुधा ज्याच्या वाट्याला येते, तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा निवासी डॉक्टर असतो. सलग जागरणाने त्याचे डोळे चुरचुरत असतात, खिशातला फोन अपघात विभागातून वाजत असतो, आणि बापाच्या उपचारांसाठी ज्याने शेत गहाण टाकले त्या मुलाशी काय बोलावे, हे त्याला कोणा वडीलधाऱ्या अध्यापकाने खाटेजवळ उभे राहून शिकवलेले नसते.

अशा तरुणांच्या ठायी जी विषण्णता साचत जाते, तिचे मूळ मृत्यूच्या नित्य दर्शनात आहे असे मी मानत नाही. करण्याजोगे पुष्कळ शिल्लक असताना आपण निरुपाय आहोत अशी जी समजूत त्यांच्या मनात रुजते, ती त्यांना आतून पोखरते. मॉर्फिनची गोळी वेदना उसळण्याची वाट न पाहता नियमित, सामान्यतः दर चार तासांनी द्यावी, मात्रा उतार पडेपर्यंत बेताबेताने वाढवावी, बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून रेचक आरंभापासून सोबत ठेवावे, एवढे ज्ञान असले तरी कित्येक रात्री कण्हत काढलेला कर्करुग्ण स्वस्थ झोपू शकतो. आणि ते ज्याने स्वतः घडवले, त्या डॉक्टरला ‘हातात काही नाही’ हे वाक्य पुन्हा उच्चारावेसे वाटत नाही.

हे ज्ञान दुर्मिळ झाले त्याला सरकारी दप्तरही जबाबदार आहे. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की, अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन बाळगणेच सोडून दिले, आणि ते औषध ज्यांनी कधी हाताळलेच नाही असे डॉक्टर पदव्या घेऊन बाहेर पडत राहिले. 2014 च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळ मोकळी केली; मनात बसलेली भीती मात्र कायद्याच्या कलमाने जात नाही.

आदर्शासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून, पुण्यातील वारज्याचे सिप्ला केंद्र 1997 पासून मरणोन्मुखांची उपशामक सेवा करीत आहेत, आणि टाटा रुग्णालयात या शाखेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम 2012 साली सुरू झाला. पण थोड्या विशेषज्ञांना हा भार पेलणारा नाही. प्रत्येक आंतरवासी डॉक्टरला उपशामक विभागात सक्तीने काही आठवडे काम द्यावे. दुःखद वार्ता सांगण्याचे पहिले प्रसंग अनुभवी डॉक्टरच्या देखत घडावेत, आणि त्या अनुभवी माणसाने आधी खुर्ची ओढून बसावे, ‘तुम्हाला आजाराबद्दल आजवर काय सांगितलंय?’ असे विचारावे, उत्तर पुरते होईपर्यंत मध्ये बोलू नये, हे शिष्याने डोळ्यांनी पाहावे. दगावलेल्या रुग्णांविषयी मोकळेपणी बोलण्याची तजवीज कामाच्या वेळेतच व्हावी. रात्रपाळी संपवून आलेल्यास तणावमुक्तीचे व्याख्यान ऐकायला बसवणे ही निव्वळ निष्ठुरता आहे.

अर्थात, छत्तीस तासांची पाळी करणाऱ्या माणसाला कितीही उत्तम शिकवले तरी करुणा दाखवण्याइतके त्राण त्याच्यात उरत नाही. म्हणून प्रशिक्षणाची मागणी करताना रिक्त पदे भरण्याचा तगादाही सरकारकडे तितक्याच जोराने लावला पाहिजे.