कोर्टाच्या दारांतला दलाल

भिवंडींत यंत्रमागावरचा पोरगा पोलिसांनीं धरला कीं घरचीं माणसें कोर्टाच्या दारांतल्या दलालाच्या पायां पडतात. ‘जामीन झालाच समजा!’ एवढ्या बोलावर बायकोचें डोरलें गहाण पडतें. वकिलाचें तोंड मात्र दिसत नाहीं. बंधूंनो, हें किती दिवस चालूं देणार? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानें कोठडींतल्या माणसास फुकट वकील मागण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. १५१०० वर विचारा. पदरचा वकील करणें असेल, तर फौजदारी कामाचा सनदी वकील स्वतः भेटून ठरवा. वकीलपत्र समजून घ्या, पैशाची पावती मागा. वाचतां येत नसेल तर आम्हां मास्तरांकडे या; रात्रीं आलांत तरी वाचून दाखवूं. पण कोऱ्या कागदावर आंगठा देऊं नका. ती आपल्याच हातानें घातलेली बेडी आहे!