१३८१ चा उठाव : 'डोईपट्टी' एवढंच उत्तर पुरेसं आहे का?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, 'इंग्लंडमधील १३८१ च्या शेतकरी उठावाची कारणे व परिणाम लिहा' असा प्रश्न दिला की ठरलेलं उत्तर येतं. कारण डोईपट्टी, परिणाम उठाव फसला. आपणही बरोबरची खूण करतो. मला ही दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात.

डोईपट्टी ही ठिणगी. दारू आधीच साठली होती. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडमधली निदान एक तृतीयांश माणसं गेली. राबणारे हात कमी झाले, म्हणून मजुरी वाढू लागली. तेव्हा १३५१ मध्ये संसदेने कायदाच केला : मजुरी साथीच्या आधीच्या दरानेच घ्यायची, जास्त मागितली तर शिक्षा. भूदासाला मालकाच्या शेतात वेठ होतीच, मुलीचं लग्न करायचं तरी मालकाला पैसे द्यायचे. म्हणजे लोक केवळ उपाशी होते म्हणून उठले नाहीत. चांगले दिवस दाराशी आले होते आणि ते कायद्याने अडवले, हा राग होता. नेमकं हेच पाठात निसटतं.

त्यात फ्रान्सशी लांबलेलं युद्ध. १३७७ मध्ये माणशी ४ पेन्स पट्टी होती, १३८० मध्ये १२ पेन्स ठरली. लोकांनी नावंच लपवली. मग चौकशीला अधिकारी आले आणि ३० मे १३८१ रोजी एसेक्समधल्या ब्रेंटवुडला ठिणगी पडली.

लोकांनी ठिकठिकाणी जमीनदारांची दप्तरं जाळली, हे मुलांना जरूर सांगा. कोण कुणाचा भूदास, कुणाकडे किती वेठ, सगळं त्यात लिहिलेलं. निरक्षर माणसालाही कागदाची ताकद पक्की कळत होती! पण लंडनमध्ये याच जमावाने निरपराध फ्लेमिश लोकांना ठार मारलं, हेही झाकू नका.

१४ जूनला माइल एंड येथे १४ वर्षांच्या राजा रिचर्डने भूदासपण संपवायचं वचन दिलं. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला वॅट टायलर मारला गेला. २ जुलैला सनदा रद्द! पुढे जॉन बॉललाही फाशी झाली.

मग फसलाच ना? त्या दिवसापुरता, हो. पण अशी सरसकट डोईपट्टी लावायची हिंमत पुढे शंभर वर्षं तरी कुणी केली नाही. भूदासपणही हळूहळू विरत गेलं. अर्थात त्याचं सगळं श्रेय उठावाला देऊ नये, मजुरांची टंचाई होतीच.

वर्गात एकदा एवढंच विचारून बघा : सनद देताना राजाला ती पाळायची होती का, की नुसता वेळ काढायचा होता? मुलं भांडतील. भांडू द्या, गुण नंतर देऊ.