शेवाळाच्या गोळ्या आणि आईचे बी-१२

आई पुण्याहून तोआ पायोहला आमच्याकडे राहायला आली, ती स्पिरुलिनाची बाटली घेऊनच. "शाकाहारी माणसाचे बी-१२ यातून भागते," असे तिला कोणी सांगितले होते. मी संगणकवाला, म्हटले, हिशेब करून पाहू.

हे शेवाळ सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान, खायच्या सोड्याचे पाणी आणि भरपूर उजेड यांत झपाट्याने वाढते. उघड्या तळ्यापेक्षा बंद बायोरिअ‍ॅक्टर चांगला. बाहेरची विषारी शेवाळे त्यात सहसा शिरत नाहीत. मात्र आत प्राणवायू साठला, किंवा दाटी होऊन उजेड अडला, की वाढ खुंटते. सिंगापूरच्या उन्हात तो थंडही ठेवावा लागतो. म्हणजे खर्च आला.

नेहमीच्या स्पिरुलिनातले बहुतेक बी-१२ शरीराला न चालणाऱ्या रूपात असते. आइसलँडमध्ये बंद यंत्रात उजेड नियंत्रित करून वाढवलेल्या स्पिरुलिनात मात्र खरे बी-१२ मिळाले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले: १०० ग्रॅमला १.६४ मायक्रोग्रॅम. आपली रोजची गरज साधारण २.४. आई घेते अर्ध्या ग्रॅमच्या सहा गोळ्या, म्हणजे ३ ग्रॅम. तेच उत्तम शेवाळ घेतले तरी गरजेच्या जेमतेम दोन टक्के! प्रथिनेही २ ग्रॅमच्या आत. वाटीभर घट्ट वरणात त्याच्या तिप्पट.

संशोधन जरूर व्हावे. पण आज त्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नये. आईचे रक्त तपासले, बी-१२ कमीच निघाले. डॉक्टरांनी बी-१२ ची साधी गोळी दिली. वाचकहो, घरातल्या शाकाहारी वडीलधाऱ्यांची ही तपासणी करून घ्या. पैसे आधी तिथे घाला, बाटलीवर नंतर.